तुळजाबाईचा अंगठा

सुरुंग उडवण्याआधी लाल फडकं हलवायचं, असा खाणीचा सरकारी नियम. भुकूमच्या वरच्या अंगाला हैबतरावांची खाण होती, तिथंही फडकं होतं. पण ते धुऊन वाळत घातलेलं असायचं. तुळजाबाईनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन "पळा गंऽऽ" अशी हाळी दिली की खाणीतल्या बायाच काय, खालच्या पौड रस्त्यावरचा गाडीवानसुद्धा बैलांचे कासरे ओढायचा. मग फडकं कशाला मळवायचं?

तुळजाबाई ही खडी फोडणाऱ्या बायांची मुकादम. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तिच्या टोळीतल्या बायकांना खडीचं माप कमी भरलं म्हणून कुणी बोललं, तर ती मापाची पेटीच पालथी करायची आणि बोलणाऱ्याला सांगायची, "घे, आता तूच भर. हितं बसून. उन्हात." आजवर कुणी भरलं नाही.

पण या बाईच्या अंगी एक हट्ट होता. ती कागदावर अंगठा उठवायची नाही. मुळशीचं धरण झालं तेव्हा ती परकराच्या वयाची होती. गावातल्या बाया कामावरच्या दगडांवर जाऊन बसल्या, गाणी म्हणाल्या, मार खाल्ला. शेवटी तिच्या बापानं एका कागदावर अंगठा दिला, आणि पुढच्या पावसात घर, चूल, दारातलं आंब्याचं झाड, सगळं पाण्याखाली गेलं. पोरीच्या डोक्यात बसलं ते एवढंच, की बापाचा अंगठा उठला आणि गाव बुडालं. पुढं ती माले गावात नांदायला आली, नवरा कोंडिबा मुंबईच्या गोदीत कामाला लागला, ही खाणीवर आली. पगाराच्या दिवशी कारकून शाईची डबी पुढं सरकवायचा, तर ही म्हणायची, "पैशे माज्या हातात पडल्यात, हे समद्या खाणीनं बघितलंय. अंगठा माझा माझ्याकडं ऱ्हाऊ दे." कारकूनही पुढं पुढं विचारेनासा झाला. तसंही दगड फोडून फोडून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. उठला असता तर नुसता निळा डाग.

हैबतराव तिच्याच माल्याचा. तिचं लग्न झालं तेव्हा हा शेंबडा पोर म्हशींमागं फिरायचा. मग लॉरीवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग कुणाच्या तरी भागीत जुनी लॉरी घेतली, मग खाण. लोक 'मालक' म्हणायचे. तुळजाबाई चारचौघांत 'हैबतराव' म्हणायची, आणि डोकं फिरलं की 'हैबत्या'.

एकसष्ट साली पानशेत फुटलं. पुण्यातली घरं वाहून गेली, आणि पाणी ओसरल्यावर जो तो खडी, दगड, मुरूम मागायला लागला. हैबतरावाच्या लॉऱ्यांना उसंत नव्हती. दुसऱ्याच्या संकटावर आपली चूल पेटल्याचा त्याला थोडा संकोच वाटे, पण नोटा मोजताना तो कमी होई. वर्ष सरत आलं तसा मात्र त्याचा चेहरा उतरायला लागला. आणि मार्चच्या एका सकाळी त्याच्या जीपमधून पुण्याचे गोंधळेकर वकील खाणीवर उतरले. आयकराची कामं बघणारा माणूस. डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, आणि धुळीमुळं पहिल्या पाच मिनिटांत तीन शिंका.

तुळजाबाई चहा द्यायच्या निमित्तानं खाणीवरच्या मालकाच्या छपरात आली ती तिथंच खांबाला टेकून उभी राहिली.

"वरच्या रुपयातले नऊ आणे सरकारचे," वकील सांगत होते.

"नऊ आणे?" हैबतराव उठूनच उभा राहिला. "अन् सात आणे माझे? मंग खाण सरकारनंच चालवावी की! मी मुकादम ऱ्हातो."

"मुकादमाची जागा भरलीया," तुळजाबाई म्हणाली.

वकिलांना हसू आलं. त्यांनी छत्रीचं टोक समोरच्या डोंगराकडं धरलं. उतारावर भाताची खाचरं एकाखाली एक उतरत गेली होती. "हे बघा हैबतराव. उत्पन्न म्हणजे ही खाचरं समजा. खालच्या खाचरातल्या कमाईवर कर थोडका. जसजसं वर चढाल, तसतसा सरकारचा वाटा वाढतो. तुम्ही यंदा एकदम वरच्या खाचरात जाऊन बसलात, म्हणून नऊ आणे."

"मंग खाली कसं उतरू?"

"कामगारांच्या म्हातारपणासाठी फंड काढा. त्यात जे घालाल ते तुमच्या उत्पन्नातून वजा होईल, आणि वजा होईल ते वरच्याच खाचरातून. म्हणजे फंडात एक रुपया घातलात, तर तुमच्या खिशातले खरे सातच आणे गेले. नऊ तसेही जायचेच होते."

हैबतरावाच्या तोंडावर उजेड पडला. वकिलांनी लगेच बोट वर केलं. "पण नीट ऐका. फंडात गेलेला पैसा तुमचा राहत नाही. तो कामगारांचा. त्याला तीन विश्वस्त लागतात. तुम्ही, मी, आणि एक कामगारांतला. बँकेतून पैसे काढायचे तर तुमची सही हवी आणि त्या कामगाराचीही."

हे शेवटचं हैबतरावानं कितपत ऐकलं, देव जाणे. तो मनातल्या मनात सात आणि नऊची बेरीज करत होता. ऐकलं ते तुळजाबाईनं.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "म्हंजी सरकारचं नऊ आणे अन् ह्याचं सात आणे, मिळून रुपाया आमच्या म्हातारपणाला?"

"अगदी बरोबर, बाई."

"अन् पुण्य समदं ह्याला?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"सोळा आण्याचं?"

आता हैबतरावही हसला. आणि खरं सांगायचं तर हसण्यासारखंच होतं. सरकारला कर द्यायला नको म्हणून का होईना, पण दगड फोडणाऱ्या बाईच्या म्हातारपणाचा विचार एका मालकाच्या डोक्यात शिरला होता. तो कुठल्या दारानं शिरला, हे विचारत बसायचं कारण नव्हतं. दार लावून घ्यायचं, की बाहेर पडू नये.

पण बाया तयार होईनात. कागद, त्यावर सरकारी तिकीट, आणि त्यावर अंगठा! "घर लिहून घेत्यात काय?" असं एकीनं विचारलं, आणि तिला घर नव्हतंच, तरी सगळ्यांनी माना हलवल्या. विश्वस्त म्हणून त्यांनी तुळजाबाईचं नाव घेतलं, तर तुळजाबाईनं हात पदराखाली घातला.

तेव्हा हैबतरावानं शक्कल लढवली. शिमग्याआधी त्याच्या माल्याच्या खाचरांचे बांध घालायचे होते. दगडावर दगड बसवून बांधाची ताल रचायची, म्हणजे या टोळीचंच काम. त्यानं इर्जिक बोलावली. मुळशीत हा रिवाज सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. एकाच्या शेतावर सगळ्यांनी जायचं, मजुरी घ्यायची नाही, घरधन्यानं पोटभर जेवण घालायचं, आणि ज्यांनी आज अंग मोडलं त्यांच्या शेतावर पुढं ह्यानं जायचं. दिलेला दिवस कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. इर्जिक खाऊन जो फेडायला येत नाही, त्याच्या बांधावर गावातली पाखरंसुद्धा बसत नाहीत, असं बाया म्हणत.

बायांनी एका दिवसात ताल अशी रचली की सांधा दिसू नये. संध्याकाळी हैबतरावाची बायको लीलाबाई हिनं मटणाचं कालवण आणि आंबेमोहराचा भात वाढला. पंगतीला गावचे पंच होते आणि फंडाचे कागद घेऊन आलेले गोंधळेकर वकीलही. जेवणं झाली तशी तानुबाई बोलली. तानुबाई ही वरच्या डोंगरवाडीची, टोळीतली सगळ्यांत म्हातारी. तुळजाबाईला हातोडा कसा धरायचा ते तिनंच शिकवलेलं. एक डोळा दगडाची कपची उडून गेलेला, पण दुसऱ्यात दोन्हींचा मिस्किलपणा.

"जेवान गोड झालं मालक," ती म्हणाली, "पर एक सांगा. आमच्यातल्या कुणाला वावर न्हाई. तुमी आमची इर्जिक फेडाया येणार कुटं? माज्या छपरावर?"

सगळ्या हसल्या. हैबतरावाला संधी मिळाली. तो उभा राहिला, छातीला हात लावला, आणि गावच्या पंचांदेखत म्हणाला, "तानुबाय, तुमच्या म्हातारपणात येईन! हा फंड हाय न्हवं, हीच माझी इर्जिक. आज तुमी दिवस दिला, मी तो तितं फेडीन."

भाषण झकास झालं. त्याला वाटलं, बायांच्या समजुतीसाठी दोन गोड शब्द टाकले, काम झालं. पण आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं नाही. तुळजाबाईला कळलं. ती उठली, पदराखालचा हात काढला, आणि बापानंतर तीस-पस्तीस वर्षांनी त्या घरातला अंगठा कागदावर उठला. निळा डाग. वकील म्हणाले, "ठसा काही नीट आलेला नाही." ती म्हणाली, "शबूद नीट आलाय. पुरे."

कर भरला गेला, कमी भरला गेला, आणि हैबतराव महिनाभर भेटेल त्याला नऊ आणे-सात आण्याचा हिशेब समजावून सांगत हिंडला.

वैशाखात तानुबाईचं मनगट गेलं. हातोडा उचलेना. एक दिवस तिनं डाव्या हातानं फोडून बघितलं, तर दगड शाबूत आणि बोट सुजलं. तुळजाबाईनं तिच्या हातातून हातोडा काढून घेतला. "म्हातारे, आता बास. फंड हाय आपला. घरी बसून खा."

"मला घरी बसाया येत न्हाई."

"शीक मंग."

तुळजाबाई त्याच पावली छपरात गेली. "हैबतराव, तानुबायचं पैशे चालू करायचं. कधी जायाचं ब्यांकेत?"

हैबतराव तिच्याकडं बघून असा गोड हसला की तिला तिथंच संशय आला. तिला खाट दिली, चहा मागवला. मग हळूच विषय काढला. पुण्यात एक लॉरी विकायला होती. जवळजवळ नवी. तोंडाला हिरवा रंग, वर मोरपिसं काढलेली. पैसे थोडे कमी पडत होते. आणि फंडातले पैसे तर नुसते पडून होते.

"काय करायचं ते सोपं हाय, आक्का," तो म्हणाला. "तानुबायला अन् अजून चार-पाच जणींला पैशे दिले, असं पावत्यांवर दावायचं. तू अंगठा दे, मी सही करतो, पैशे भाईर. वकिलाला कळायचं कारण न्हाई. कर तर वाचलाच हाय, लॉरी बी येईल. तानुबायचं काय, तिला मी देईन की अधनंमधनं काय तरी. सणासुदीला लुगडं. अन् तुज्या घरावर पत्रं घालून देतो. नवं कोरं."

तुळजाबाईनं चहाचा कप खाली ठेवला.

"हैबत्या," ती म्हणाली, आणि खाणीतल्या बायांनी हातोडे थांबवले, कारण आवाज सुरुंगाच्या आधीचा होता. "म्हशीमागं फिरायचास तवा तुझ्या कमरंला करदुडा सोडून काय न्हवतं, तरी आजच्यापरीस बरा दिसायचास! सरकारला सांगतोस, बायांला दिलं. बायांला सांगतोस, सणाला देईन. अन् आमच्या म्हातारपणावर बसून लॉरी फिरीवणार? वर मोरपिसं लावून?"

"हळू बोल की, आक्का."

"मी हळूच बोलतीया! पंचांदेखत इर्जिक म्हनला हुतास. दिलेला शबूद माघारी घेत्यात व्हय रं कुटं?"

"अगं, ती इर्जिक म्हंजी आपली बोलायची पद्धत."

"तुझी बोलायची असंल. आमची वागायची हाय."

आणि ती चहा तसाच टाकून निघून गेली. हैबतराव मागून ओरडला, "तू अंगठा दिला न्हाईस तर तानुबायला बी काय मिळायचं न्हाई, ध्यानात ठेव! माझी बी सही लागती!" ते मात्र खरं होतं. पैसे बँकेत, एकाची सही, एकीचा अंगठा, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. मधे तानुबाई, घरी बसायला शिकत.

बाया म्हणाल्या, काम बंद पाडू. तुळजाबाई म्हणाली, "खाण बंद पडली तर चूल आपली इझल. त्याची न्हाई. थांबा. आवणी येऊ द्या."

आवणी आली. आषाढात पावसानं खाचरं भरली, चिखलणी झाली, रोप वीतभर वाढून तयार झालं. आवणी म्हणजे भाताची लावणी, ती एका घराच्या हातांनी उरकत नाही. रोप उपटलं की लागलं पाहिजे, चार दिवस ढकलले की पिवळं पडतं. हैबतरावानं रिवाजाप्रमाणं इर्जिकीचा सांगावा दिला. खाणीवरच्या बाया, माल्यातली घरं, वरची वाडी, सगळीकडं. सगळ्यांनी "व्हय व्हय" म्हटलं.

त्या दिवशी पहाटेपासून लीलाबाईच्या चुलीवर दोन हंडे चढले. एकात भात, एकात कालवण. हैबतराव घोंगडीची खोळ पांघरून बांधावर उभा. पाऊस पडतोय, बेडूक ओरडतायत, खाचर वाट बघतंय. वाटेवर कुणी नाही. एक कुत्रं आलं, हंड्याचा वास घेऊन बसलं. मग शेजारचा गेणबा छत्री घेऊन वाटेनं निघाला.

"गेणबा, ये की!"

"आलो आसतो मालक," गेणबा न थांबता म्हणाला, "पर म्या ऐकलंय, तुमच्याकडं इर्जिक म्हंजी नुसती बोलायची पद्धत. म्हून म्या बी 'व्हय' नुसतं बोललो हुतो."

हैबतरावाचा चेहरा पावसातही लाल झाला. त्यानं धोतर खोचलं आणि एकटाच खाचरात उतरला. बारा वर्षं लॉरीच्या स्टिअरिंगमागं बसलेली कंबर. दोन ओळी लावल्या आणि ती वाकलेली सरळ होईना. लावलेलं रोप मागून तरंगायला लागलं. लीलाबाई ओट्यावरून सगळं बघत होती. शेवटी ती बांधावर आली.

"हे दोन हंडे मी काय आंगाला लावू? गावात कुणाच्या दारात उभं ऱ्हायाची सोय ठेवली न्हाईत. काल पाण्याला गेले, तर बाया मला बघून भांडी उचलून निघाल्या. मी काय केलं? लॉरी मला पायजे हुती? मोरपिसं मला लावायची हायेत?"

"अगं, पण..."

"पण न्हाई अन् बिण न्हाई. हंडा उचला. एक तुमी, एक मी."

हैबतराव तापट होता, पण खुळा नव्हता. बांधाकडं बघितलं तर ताल तशीच उभी, सांधा न दिसणारी. एवढ्या पावसात एक दगड हलला नव्हता. ज्या बायांनी ती रचली होती, त्यांचाच दिवस आपण गिळायला निघालो होतो, हे तालीकडं बघून त्याला जेवढं टोचलं, तेवढं तुळजाबाईच्या शिव्यांनी टोचलं नव्हतं. त्यानं कण्हत हंडा उचलला.

वरच्या वाडीची वाट निसरडी. अर्ध्यावरूनच वर तुळजाबाई दिसली. टोळीतल्या सगळ्या बाया तानुबाईच्या छपरात गोळा झाल्या होत्या आणि ही दारात पहारेकऱ्यासारखी उभी.

"काय हैबतराव, जेवान कुणाचं? लॉरीचं?"

"लाजवू नको, आक्का. मी वाडीवर आलोय, ते बघ." त्यानं हंडा खाली ठेवला, कंबर धरली. "तानुबाय, छपरावर येणार का म्हून इचारलं हुतं न्हवं? आलो. उंद्या ब्यांक उघडी हाय. तुजं पैशे चालू. पावती खरी. सही माझी."

तानुबाईनं एका डोळ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरून गळणारी खोळ. "मालक," ती म्हणाली, "रोप उलटं लावलं हुतं काय? समदं तुमच्याच आंगावर उगवलंय."

छपरात असा हशा पिकला की लीलाबाईलाही राहवेना. हंडे तिथंच उघडले. जेवणं झाली, आणि दिवस कलायच्या आत सगळी वाडी, सगळी टोळी आणि कुठून तरी प्रकट झालेला गेणबा हैबतरावाच्या खाचरात उतरली. गाणी म्हणत, एकमेकींवर चिखल उडवत. हैबतरावानं लावलेल्या दोन ओळी बायांनी उपटून पुन्हा लावल्या. अंधार पडेपर्यंत सगळं शिवार हिरवं झालं.

दुसऱ्या दिवशी जीप पुण्याला गेली. पुढं हैबतराव, मागं दोघी बाया. बँकेच्या माणसानं शाईची डबी पुढं केली. तुळजाबाईनं आधी गोंधळेकर वकिलांना पावती मोठ्यानं वाचायला लावली. ऐकली. तानुबाईच्या हातात पैसे पडले ते बघितले. मग अंगठा उठवला. पुन्हा निळाच डाग.

वकील हैबतरावाच्या कानाशी म्हणाले, "येत्या मार्चला पुन्हा भरायचंय फंडात? खाचर अजून वरचंच आहे तुमचं."

"भरायचं," हैबतराव म्हणाला. आणि मग हळू आवाजात, "न्हाई भरलं तर आवणी कोण करणार?"

परतताना पौडाला तानुबाईनं जीप थांबवायला लावली. हॉटेलात शिरून बाकावर ऐटीत बसली, गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाली, "तीन च्या. मलई घालून. मालकाकडनं पैशे घ्यायचे न्हाईत."

हैबतराव खिशात हात घालायला लागला.

"हात भाईर काडा," तानुबाई म्हणाली. "आज माजी पेन्शन हाय."

त्यानं हात बाहेर काढला आणि कप उचलला. तुळजाबाई आपल्या अंगठ्यावरची शाई पदराला पुसत होती. जात नव्हती. तिनं दोनदा घासली, आणि मग राहू दिली.